कोव्हला जाऊन येऊ

कोटाचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं. समोर बसलेल्या भावाच्या छातीवरची ती चूक डिम्फ्नाला आगगाडीने कॉर्क शहर सोडल्यापासून दिसत होती — पण उठून नीट करायची तर आधी त्याचा अधू हात बाजूला घ्यायचा, मग तो 'राहू दे' म्हणणार, मग आपण 'थांब जरा' म्हणणार... सकाळपासून त्याचे मोजे, त्याच्या गोळ्या, त्याची दाढी. राहू दे. गाडी पुलावर आली. दोन्ही बाजूंना ओहोटीचा चिखल चकाकत होता.

"कोव्हला काय आहे आज?" कॉर्नेलियसने विचारलं. अर्धांगवायूनंतर त्याचे शब्द तोंडाच्या एका बाजूने सांडत.

"हवा चांगली आहे. जाऊन येऊ."

"म्हणून जुलैत कोट घातलायस मला."

ती हसली नाही. हसायलाही थोडी ताकद लागते. कोव्हच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात त्याच्याजोगी एक खोली रिकामी झाली होती, तिथल्या बाईंनी दुपारी बघायला बोलावलं होतं, आणि हे त्याला सांगायचं कालपासून राहून जात होतं. कॅथेड्रलच्या आवारात बसल्यावर सांगू... नाहीतर चहा झाल्यावर.

कोव्हच्या स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या बंदराचा धक्का. पूर्वी अमेरिकेची बोट दूर खाडीत उभी राहायची आणि लहान होडी माणसं घेऊन जायची. बॉस्टनच्या मावशीने तिकीट पाठवलं होतं. डिम्फ्ना तेव्हा विशीची. होडीने भोंगा दिला, सगळे पुढे सरकले, आणि तिचे पाय जागचे हललेच नाहीत. कॉननेच, या कॉर्नेलियसनेच, पोचवायला आणलं होतं तिला. त्याने ट्रंक खांद्यावर घेतली आणि स्टेशनाकडे चालू लागला. घरी वडिलांना त्यानेच सांगितलं, 'बोट भरली होती.' त्यानंतर चाळीस वर्षं त्याची भाकर भाजताना, त्याचे शर्ट वाळत घालताना ती स्वतःला सांगत आली होती की एकट्या भावासाठी आपण राहिलो. त्या सांगण्यावरच दमलेले दिवस उभे राहिले होते.

पाण्याकाठच्या बाकावर तिने त्याला बसवलं आणि थर्मासमधला चहा ओतला. त्याने डाव्या हाताने कप धरला.

"खोली समुद्राकडची आहे का?" तो म्हणाला.

डिम्फ्नाने थर्मासचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. "कोणी सांगितलं तुला?"

"टेलिफोनवर तू हळू बोलतेस तेव्हाच जास्त ऐकू येतं, पोरी."

वर कॅथेड्रलच्या घंटा वाजू लागल्या. त्या थांबल्या.

"तेव्हा विचारायचं राहिलं," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "का नाही गेलीस? माझ्यामुळे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. इतकी वर्षं घोटलेला शब्द ओठांवर तयार होता.

"नाही," ती म्हणाली. "भीती वाटली."

"घाबरली असशील, असं मलाही वाटलं होतं." त्याने चहाचा घोट घेतला. "बरं झालं. तरी इतकी वर्षं, माझ्यासाठी राहिलीस की काय, असं तुझं ओझं माझ्या अंगावर वाटायचं."

तुझ्या अंगावर माझं? — तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. दमणूक होती तशीच होती, गुडघ्यांत, मानेत, पापण्यांत. पण पहिल्यांदाच ती नुसती दमणूक होती, कुणासाठी केलेली नव्हती, कुणाकडून फेडून घ्यायची नव्हती. टेकडीवर त्या बाई वाट बघत असतील... असू देत थोडा वेळ. ती त्याच्या शेजारी टेकली आणि कितीतरी दिवसांनी पाठ सैल सोडून बसली.