आठवा मजला

आमच्या शारजाच्या वर्कशॉपमध्ये अजून न बांधलेल्या इमारती तयार होतात. बिल्डरला फ्लॅट विकायचे असले की आधी टॉवरचं मॉडेल लागतं. निळ्या काचा, इवलीशी खजुराची झाडं, पोहायचा तलाव, पार्किंगमध्ये अंगठ्याएवढ्या गाड्या. फ्लॅट विकले गेले की मॉडेल कचऱ्यात. मी खैरुद्दीन, दापोलीकडचा, इथला फोरमन. एकवीस वर्षांत अर्धी दुबई मी बांधली आणि फेकलीसुद्धा.

बाबाजी आमचे सगळ्यात जुने कारागीर. माझ्या गावाहून खाडी ओलांडली की त्यांचं गाव. साठी आली होती, त्या वर्षी व्हिसा खलास, मग कायमचे घरी. अठ्ठावीस वर्षांत हातून झालेलं एकही काम आज कुठे उभं नाही, हे त्यांना फार लागायचं. "खैरू, एक तरी राहायला पाहिजे रे," असं ते चहाच्या वेळी म्हणायचे. मी म्हणायचो, "मग ताजमहाल बांधा."

आणि एक दिवस जुमेरा लेक टॉवर्समधल्या कुठल्याशा ऑफिसातून रोनित आला. मार्केटिंग मॅनेजर, मूळचा पुण्याचा, वाक्यावाक्याला इंग्रजीची फोडणी. त्यांच्या नव्या टॉवरमध्ये चिनी गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून लॉबीत एका हरवलेल्या बौद्ध पॅगोडाचं मॉडेल हवं होतं. "टेम्पररी नाही काका, परमनंट डिस्प्ले!"

परमनंट ऐकल्याबरोबर बाबाजींनी हातातली पटाशी खाली ठेवली. स्वतः बौद्ध माणूस. गावच्या विहारावर अजून पत्राच. म्हणाले, "हे काम माझं."

मग पहिला महिनाभर आमच्या डोक्याला पॅगोडा. रोनितने दिलेले कागद बाबाजी जेवताना मोठ्याने वाचायचे. चीनमधलं लोयांग शहर, दीड हजार वर्षांपूर्वीची हू नावाची राजमाता. नवरा वारलेला, तिला अडवणार कोण? तिने नऊ मजली लाकडी पॅगोडा उभा केला. मधोमध कच्च्या विटांचा गाभा, भोवती खांब. प्रत्येक बाजूला तीन दारं नि सहा खिडक्या, लाल दारांवर सोनेरी खिळे. छपरांच्या कोपऱ्यांना शंभरावर घंटा, वारा सुटला की कोसभर ऐकू जायच्या म्हणे. आणि एवढं करून उभा राहिला किती? अठरा वर्षं! आठव्या मजल्याला आग लागली, ती तीन महिने जळत होती. पुढे समुद्राकडून आलेल्या कुणी सांगितलं, पॅगोडा आम्ही समुद्रावर पाहिला, नवाकोरा, लखलखीत.

मी म्हटलं, "बाबाजी, समुद्रात इमारती दाखवणारे बिल्डर तेव्हाही होते तर!"

ते हसले नाहीत. चार महिने खपले. जुन्या सागवानाच्या तुकड्यांतून नऊ मजले काढले. गोंद नाही, खिळा नाही, एकावर एक नुसते बसायचे. घंटांसाठी मीना बाजारातून पैंजणांचे घुंगरू आणले. मालकाने एकदाच येऊन पाहिलं आणि विचारलं, "पार्किंग किधर है?"

हँडओव्हरच्या आठ दिवस आधी रोनित आला. भोवती दोन चकरा मारल्या, फोटो काढले. "काका, अमेझिंग! पण हे लाकूड आहे. लॉबीत लाकूड चालत नाही, फायर सेफ्टी. ऑर्डरमध्ये प्लॅस्टिक लिहिलं होतं ना?"

लिहिलं होतं. शेवटच्या पानावर. ते पान मी वाचलंच नव्हतं. एकवीस वर्षांत कुठल्याच ऑर्डरचं वाचलेलं नाही, सगळे टॉवर सारखेच तर असतात! चूक शंभर टक्के माझी. मशीनने सहा दिवसांत प्लॅस्टिकचा पॅगोडा काढून दिला. मालक म्हणाला, लकडीवाला फेक दो.

बाबाजी एकेक मजला उतरवून कागदात गुंडाळत बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी मीच म्हटलं, "गावी पाठवू. तुमच्या विहारात."

आमच्या आखातवाल्यांत रीतच आहे. गावी जाणाऱ्याच्या बॅगेत दुसऱ्यांचंच सामान जास्त. नऊ मजले, नऊ माणसं. नववा बाबाजी स्वतः घेऊन गेले. पहिला वर्कशॉपातल्या अजीजने नेला, कस्टमवाल्याला सांगितलं कबुतरांचं घर आहे. ओळखीतल्या नबिला भाभीने चौथ्यात पोरांचे कपडे कोंबले. मला सगळे विचारायचे, तू कधी निघतोस? मी कशाला निघतोय! अम्मी जाऊन सहा वर्षं झाली, घराला कुलूप. जायचं कोणाकडे?

वर्षभरात आठ मजले पोचले. आठवा माझ्याकडे राहिला. दर शुक्रवारी बाबाजींचा फोन यायचा, "खैरू, आठवा?" मी म्हणायचो, "कोणी निघालं की देतो, इन्शाल्ला." निघाले की! तीन जण गेले. मी दिला नाही. माझ्या कॉटवरच्या फळीवर तो होता. एसीचा वारा लागला की घुंगरू वाजायचे. खरं सांगायचं तर तो गेला की बाबाजी कशाला फोन करतील? वर्कशॉपात त्यांची जागा बघवत नव्हती मला.

गेल्या शुक्रवारी त्यांनी आठव्याचं विचारलंच नाही. म्हणाले, "तुझ्या शेजारच्या खोलीतला यहया भेटून गेला. तुझ्या फळीवर काय आहे ते सांगितलं त्याने."

मी फळीकडे बघितलं. "बाबाजी, ते..."

"गप. सातव्यावर चार विटा रचून वर नववा ठेवलाय. लोक विचारतात तर सांगतो, आठवा समुद्रावर दिसतो." आता ते हसत होते. "कोणाच्या हाती पाठवू नकोस. तूच घेऊन ये. आमच्याकडे उतर. तुझी वहिनी खाडीच्या माशांचं कालवण करते, अम्मीसारखं नसेल, पण खाशील."

फोन ठेवला आणि मी चक्क रडलो, पन्नाशीचा बाप्या.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज भरला. शेवटच्या पानावर 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, आठवा मजला बसवायचा आहे. मॅनेजरने न वाचता सही केली.