चुन्याचं बोट

पीएचडीच्या गोगलगाई मी कुडवा गावातल्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाढवते, कारण रोज कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायला सासऱ्यांची मनाई आहे. "घरी सगळंच त आहे, रंजिता. बाहेर कायले जातेस?" असं मामाजी म्हणतात.

खिडकीत चार बशा आहेत, तलावातून आणलेल्या अंड्यांच्या. अंड्यातल्या पिलाच्या अंगात पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जोरावर शंख घडतो. ते प्रथिन कॅल्शियमविना, रिकाम्या हाताने किती दिवस टिकतं, हे मला पाहायचं होतं. म्हणून मी त्यांना कॅल्शियम नसलेलं पाणी देते आणि ते रोज बदलते. पिलं अंड्यातच गोल गोल फिरत राहतात. शंख धरत नाहीत, बाहेरही पडत नाहीत.

सोमवारी एका बशीत शंखवाली पिलं काचेवर चढताना दिसली. महिनाभराचं काम पाण्यात गेलं होतं.

मामाजी ओसरीत सुपारी-तंबाखूला चुना लावून खर्रा घोटत होते. मी ती बशी त्यांच्यापुढे धरली.

"मागच्या हप्त्यापासून त्यातच बोट धुऊन राहिलो मी," ते म्हणाले. "चुना लागून राहते. पानीच त आहे."

चुना म्हणजे कॅल्शियमच.

"मेले त नाही ना? मंग कायले चिडून राहिली?"

भांडायला तोंड उघडलं आणि नजर आत, खिडकीतल्या उरलेल्या तीन बशांवर गेली. त्यांना वेळेवर पाणी होतं, सावली होती. त्यांना मी काहीच कमी पडू दिलं नव्हतं. तरी त्यांतलं एकही पिलू बाहेर पडलं नव्हतं.

"मामाजी," मी म्हणाले, "चुन्याची डबी द्या."