हाताने लावायचा ब्रेक

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि बोलताना कुणाची भीडभाड ठेवायची सवय तिला नव्हती. दोन वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्यात तिच्या उजव्या पायातला जोर गेला. इस्पितळात पडल्या पडल्याच तिने गाडी हाताने चालवायचा दांडा मागवला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. ती घरी आली तेव्हा दांडा येऊन पडला होता, पण गाडी नव्हती. थोरल्या भावाने ती परस्पर विकून टाकली होती.

"तुझ्या काळजीपोटीच केलं ना," दादा म्हणाला होता.

खोकं बोळात पडून राहिलं. येता-जाता वहिनीला ठेच लागायची. शेवटी एकदा वैतागून तिने स्वतःच आपल्या दांड्याचे फोटो काढले आणि विक्रीच्या ॲपवर टाकले. 'हाताने लावायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. एकदाही न वापरलेला. भाव कमी होणार नाही.'

लगेच एकाने विचारलं, 'शेवटचा भाव?' दुसऱ्याने, 'साहेब, स्कूटरला बसेल का?' तिसरा म्हणाला, 'वापरलाच नाही, तर विकता कशाला? काहीतरी खोट असणार.' त्याला तिने लिहिलं, 'खोट वस्तूत नाही, घरात आहे.' मग पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

रविवारी सकाळी एक गिऱ्हाईक दारात आलं. कडक इस्त्रीचा शर्ट, छापखान्याचा मालक. खोकं उघडूनही न बघता म्हणाला, "चालेल. द्या."

"गाडी कोणती? क्लचची नाही ना? कुठे बसवून घेणार?" तिने विचारलं.

"बसवायचंय कुणाला?" तो हसला. "वडिलांचे पाय बधिर झालेत, पण गाडीचा हट्ट काही सुटत नाही. हे समोर ठेवलं की चार-सहा महिने गप्प बसतील. मेकॅनिकला वेळ नाही म्हणून सांगत राहायचं."

दादाने मान डोलावली. "असंच करावं लागतं. त्यांना कुठे कळतं त्यांचं भलं."

तिने खोक्याचं झाकण बंद केलं.

"विकायचा नाही."

"अगं, घरी आलेलं गिऱ्हाईक..." दादा म्हणाला.

"बापाच्या तोंडाला पानं पुसायला हवं असेल तर रिकामं खोकं कुठेही मिळेल. वडील कुठे आहेत?"

"खाली, गाडीत," छापखानेवाला गोंधळून म्हणाला.

तिने कुबडी काखेत घेतली आणि दोन जिने उतरली. दादा मागून हाका मारत होता, त्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

गाडीत मागच्या सीटवर एक म्हातारा बसला होता. चाळीस वर्षं त्याने लोकांना गाडी शिकवली होती. अर्ध्या गावाने स्टिअरिंग त्याच्याच हाताखाली धरलेलं, त्यामुळे सगळे त्याला मास्तर म्हणत.

"तुमच्या मुलाला खोकं हवंय," ती खिडकीत वाकून म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

मास्तरांनी तिच्या कुबडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "खोक्यातलं."

"मग आत्ता गॅरेजात चला. माझ्या डोळ्यांदेखत बसवून घेणार असाल तर देते. नाहीतर बोळातच पडू दे."

तेवढ्यात मुलगा खोकं घेऊन खाली पोचला. "अहो बाई, उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. "गाडी माझी आहे. हात शाबूत आहेत, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. तू चल मुकाट्याने."

गॅरेजवाल्याला दोन-अडीच तास लागले. ती शेजारी स्टुलावर बसून एकेक स्क्रू बघत होती. एक स्क्रू अर्धा आटा सैल राहिला होता, तो तिने पुन्हा आवळून घेतला. मग सगळे जवळच्या मोकळ्या मैदानात गेले. मास्तरांच्या हातून पहिल्यांदा गाडीने हिसका खाल्ला, दुसऱ्यांदा त्यांनी ती सावरली. तिसऱ्या फेरीला ती लोण्यासारखी वळली. मुलगा मागे बसून सारखा घाम पुसत होता.

मास्तरांनी गाडी तिच्यापाशी उभी केली आणि ते शेजारच्या सीटवर सरकले.

"आता तुम्ही."

"मला सवय नाही राहिली."

"मी सवय विचारली नाही. बसा."

ती बसली. दांडा हातात घेऊन तिने हळूच मागे ओढला. गाडी हलली, आणि घाबरून तिने ब्रेक इतका जोरात ढकलला की मागच्या छापखानेवाल्याचं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"छान," मास्तर म्हणाले. "ब्रेक लागतो हे कळलं. पुन्हा."

त्यानंतर दर रविवारी ती मैदानात जाऊ लागली. "पडलीस-धडपडलीस तर आम्हाला हाक मारू नकोस," दादाने बजावलं. "नाही मारणार," ती म्हणाली. तिने नव्याने चाचणी दिली, परवान्यावर हाताच्या दांड्याची नोंद करून घेतली, आणि एक जुनी लहान गाडी घेऊन तिला तसाच दांडा बसवला. दादा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनेही त्याची मनधरणी केली नाही.

नवव्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "उद्या दवाखान्याच्या बाजूला जाणार आहेस का?"

"जाणार. पण मागे बसावं लागेल. पुढे मास्तर असतात, माझ्या चुका काढायला."

वहिनी मागे बसली. नवऱ्याला तिने विचारलं नव्हतं.