पिळायला दोघं लागतात

मी भिजत घोंगडं बोलतेय. हसू नका. एखादं काम रेंगाळलं की तुम्ही माझं नाव घेऊन मोकळे होता. पण खरोखर बादलीत भिजत पडणं कसं असतं, ते मला विचारा. कुणी म्हणेल, घोंगडं म्हणजे 'ते', मग 'बोलतेय' कसं? अहो, जन्मभर भिजलेल्यांना उबेत घेतलंय मी. स्वतःला बाईच समजते.

तशी मी कारखान्यातली. राखाडी, जाड, लाल काठाची. अंगावर 'उत्तम लोकर' अशी चिठ्ठी होती. खरं सांगू? निम्मी लोकर आणि निम्म्या गप्पा. एका निवृत्त नर्सबाईंनी मला विकत घेतलं आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या खोलीत खुंटीला टांगलं. त्या या लोकांच्या प्रमुख.

हे जीवरक्षक पगारी नव्हेत. आठवडाभर कुणी कपडे शिवतो, कुणी शाळेत शिकवतो. रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून पाण्यावर नजर ठेवतात. बुडणाऱ्याला बाहेर काढलं की मला त्याच्याभोवती गुंडाळायचे. काढणारा मात्र शेजारी ठिबकत उभा. ओठ निळे, दात वाजतायत, आणि वर म्हणणार, "मला काय धाड भरलीय!" मला हात असते ना, तर दोन धपाटे घालून आधी डोकं पुसलं असतं एकेकाचं.

त्यांच्यातला वायरमन माझा लाडका. लोकांच्या घरी दिवे बसवायचा. स्वतःच्या घरी तरुण बायको आणि तीन वर्षांची लेक. तोंड सदा चालू. "बाई, तुमचा चहा असा कडक, की बुडालेला नुसत्या वासाने उठून बसेल!" नर्सबाई म्हणायच्या, "मग तू का उठत नाहीस रे कप धुवायला?"

एका रविवारी पोहायला आलेले दोघे भाऊ लाटांबरोबर आत ओढले गेले. वायरमनने धाकट्याला बाहेर आणलं, माझ्यात गुंडाळलं आणि पुन्हा पाण्यात शिरला. थोरला हाती लागला नाही.

त्या दिवशी खोलीत सगळे अर्धा तास दोर कसा गुंडाळावा यावर बोलले. दोर बिचारा नीटच गुंडाळलेला होता. निघताना एकेकाने वायरमनला विचारलं, "ठीक ना रे?" तो म्हणाला, "ठीक." विचारणाऱ्यांनाही बरं वाटलं. आपल्या माणसांना हा शब्द फार सोयीचा. चुकांवर पांघरूण घालतात म्हणून आमची जात बदनाम, पण या 'ठीक'एवढं मोठं पांघरूण मी तरी पाहिलेलं नाही.

मला धुवायची पाळी लावलेली असे. ती नेमकी वायरमनची होती. त्याने मला घरी नेलं, साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि म्हणाला, "उद्या धुतो."

तो उद्या काही उगवेना. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. मला वास यायला लागला. आता आपलाच वास आपल्याला यावा, याहून लाज कोणती! घरातली बाकीची बादल्या-पिंपं मात्र त्याने पालथी घातली. लेकीला तांब्याने अंघोळ. माझ्या बादलीवर पाट आणि पाटावर दोन विटा, पोरगी वाकू नये म्हणून.

"अहो, किती दिवस भिजत ठेवणार हे घोंगडं?" बायकोने विचारलं.

"धुतो म्हटलं ना."

"मी धुऊ का?"

"हात लावू नकोस त्याला!"

त्या घरात इतका मोठा आवाज कधी निघाला नव्हता. लेक रडायला लागली. थोड्या वेळाने त्याने शिट्टी कागदात गुंडाळून बायकोपुढे ठेवली. "बाईंना देऊन ये. मी आता जायचा नाही."

ती बिचारी लेकीला कडेवर घेऊन नर्सबाईंकडे गेली. तिथे काय म्हणाली ते मला नंतर कळलं. म्हणाली, "बाई, शिट्टी हवी तर ठेवून घ्या, पण आमचं माणूस तेवढं परत द्या. जेवतात, कामावर जातात, पण घरी नसतातच हो."

नर्सबाई तशाच चपला घालून निघाल्या. आल्या, विटा उचलल्या, पाट सरकवला आणि नाकाला पदर लावला. "म्हण ऐकून होते रे. आज वासासकट पाहिली."

वायरमनच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढाच.

"चल, धर एक टोक."

"मी करतो, बाई."

"आठ दिवस बघतेय हो तुझं करणं! भिजलेलं घोंगडं एकट्याने पिळता येत नाही. धर."

दोघांनी मला उचललं. पिळायला लागले, तर मी आपली नुसती गोल गोल फिरतेय. "अरे, मी उजवीकडे फिरवतेय आणि तू डावीकडे! दिवे लावतोस लोकांच्या घरी, इथे काय दिवे लावलेस! माझ्याकडे बघ. आता तूही तुझ्या उजवीकडे."

मग पीळ बसला. माझ्यातून काळं पाणी निघालं, वाळू निघाली. वाळू पडताना बघून वायरमनचे हात थांबले.

"बाई, थोरला ओरडून म्हणाला होता, आधी त्याला घ्या. मी ऐकलं त्याचं. का ऐकलं?"

मला वाटलं, आता बाई म्हणणार, 'जाऊ दे, विसर.' तसं काही म्हणाल्या नाहीत. आपलं टोकही सोडलं नाही. तो रडला, बोलला, पुन्हा रडला. दाराशी त्याची बायको लेकीला धरून उभी होती.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात दगावलेली एक बाई मला अजून दिसते. बावीस वर्षं झाली. मी ठीक आहे म्हणत राहिले आणि घरात भांडी आपटत राहिले. मनाच्या डॉक्टरांकडे गेले, पण फार उशिरा. तू उशीर करू नकोस. बुधवारी मी येते बरोबर."

गेला तो. अजून जातो. सगळं लगेच नीट झालं असं नाही. तो किनाऱ्यावर येतो, वाळूत बसतो, चहा करतो, पण पाण्यात उतरत नाही. त्याची शिट्टी माझ्याच खुंटीला आहे. बाई म्हणतात, "तुझीच आहे. घाई नाही."

मी आता विटले, काठ उसवलाय. पण खोलीत आम्ही दोघी आहोत. दुसरी निळी, मऊ, जरा नखरेल. ती बाहेर काढणाऱ्याच्या अंगावर घालायची. आणि नियम असा, की कसा आहेस विचारल्यावर जो 'ठीक' म्हणेल, त्याने आम्हाला धुवायचं. पहिल्या महिन्यात आम्ही इतक्या स्वच्छ होतो की काय सांगू!

परवा बाईंनी वायरमनला विचारलं. तो "ठी..." म्हणाला, माझ्याकडे बघितलं आणि शब्द गिळला. "दोन रात्री झोप नव्हती. काल लागली. आणि लेकीला काल बादलीभर पाण्याने अंघोळ घातली. मीच." मग खुंटीवरची शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि परत तिथेच अडकवली.

तुमच्याही घरात कुणीतरी बादलीवर पाट ठेवून बसलं असेल. नुसतं 'ठीक ना?' विचारून पुढे जाऊ नका. एक टोक धरा. आणि हो, एकमेकांकडे बघत, आपापल्या उजवीकडे.