अस्वलाचं वेळापत्रक

नाताळच्या सुट्टीत मुलांना चार दिवस जंगलात न्यायचं, हे अनिकेतने दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. रिसॉर्ट नको, जिप्सी नको. तंबू, शेकोटी, चांदण्या. किमया सात वर्षांची आहे, नयन चार. नयनला हात सोडून पळायची सवय आहे. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात तो दोनदा हरवला, आणि दोन्ही वेळा आम्ही त्याच्याकडेच बघत होतो.

जागा अनिकेतच्या विठ्ठलमामांची. त्यांचं शेत ढाणकीच्या पलीकडे, अभयारण्याला लागून. शेवटच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हरभरा संपतो आणि सागवान सुरू होतं. तंबू त्या धुऱ्याजवळच, लिंबाखाली ठोकायचा असं मामांनीच सुचवलं आणि तिथले चार फोटोही पाठवले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. फोटो मोठा करून बघायची मला सवय आहे. तिसऱ्या फोटोत धुऱ्याच्या कडेने लाकडी खुंट्या होत्या, आणि खुंट्यांवरून एक गंजकी तार गेली होती. गुडघ्याच्याही खाली. नयनच्या मांडीइतक्या उंचीवर.

मामांचा फोन आला तेव्हा अनिकेतने तो स्पीकरवर ठेवला.

"मामा, ती तार कशाची?" मी विचारलं.

"झटका मशीन हाये ना, सूनबाई. सोलरचं. डुकरं लय माजले. त्यानं काई होत नाई, चुटका बसते फक्त."

"बरं."

"एक मात्र ध्यानात ठेवजा. संध्याकाळी सातनंतर पोराईले तंबूभाईर काढू नोका. अस्वल फिरून राह्यलं तिकडं."

"मग तुम्ही रात्री शेतात कसे जाता?"

"मले जाच लागते. रातची लाईन हाये या हप्त्यात, ओलित कोन करन? मी हिरीकडूनच वापस येतो. धुऱ्याकडं नाई जात."

अनिकेत खूश झाला. अस्वल म्हणजे त्याच्या बेतात न मागता पडलेली भर होती. त्याने किमयाला अस्वलाच्या पावलाचा ठसा काढून दाखवला आणि सामानाच्या यादीत शिट्टी लिहिली.

मी फोटो पुन्हा पाहिले. झटका मशीनला एक डबा असतो, वर सोलरची पाटी असते, आणि डबा सेकंदाला एकदा टिक वाजतो. माझ्या माहेरच्या शेतात तो आहे. लहानपणी आम्ही त्याच्या तालावर उड्या मारायचो. चार फोटोंत डबा नव्हता, पाटी नव्हती.

"फोटोत नाही म्हणजे शेतात नाही असं होतं का?" अनिकेत म्हणाला. "तू पेपर तपासून राह्यली का सुट्टी प्लॅन करून राह्यली?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. न दिसणं हा पुरावा नसतो.

निघायच्या दोन दिवस आधी नयनला ताप आला. जाणं आठवडाभर पुढे गेलं. चौथ्या दिवशी ताप उतरल्यावर अनिकेतने मामांना नवी तारीख कळवली, तेव्हा मी शेजारीच मेथी निवडत होते.

"चांगलं झालं," मामा म्हणाले. "आता पोराईले रातभर फिरवा. काई भेव नाई."

"अन् अस्वल?" अनिकेतने विचारलं.

"गेलं ते."

"कुठं?"

"आता अस्वल काय सांगून जाते का, बावा? दिवसाची लाईन लागली उद्यापासून. मीबी रातचा मोकळा हाये. शेकोटीजवळ बसू."

मी मेथीची जुडी खाली ठेवली.

शेतीची वीज आमच्याकडे पाळीने येते. काही दिवस रात्री, काही दिवस दिवसा. पाळी बदलली की पंपाची वेळ बदलते, माणसांची झोप बदलते. अस्वलाची बदलत नाही. रात्री लाईन असताना रोज सातला येणारं आणि लाईन दिवसावर गेली की निघून जाणारं अस्वल मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

"मामा, केतकी बोलते," मी म्हटलं. "ती तार तुम्ही मोटरच्या पेटीतून, थेट लाईनला जोडता का?"



"कोनं सांगतलं तुले?"

"अस्वलाने."

अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. मामा हसले नाहीत.

"झटका मशीन होतं, सूनबाई. बिघडलं. मंग काय करू? एका रातीत डुकरं अर्धा हरभरा लोळवतात. सारेच लावतात करंट. अन् रातच्यालेच लावतो मी, दिवसा नाई. तुमी याल तवा तं लाईनच नाई रातची."

"पाळी मधेच बदलली तर?"

"नाई बदलत."

"मागच्या महिन्यात बदलली होती. तुम्हीच सांगितलं होतं."

"पोराईले कोन धुऱ्यावर जाऊ देते?"

"नयनला कोणी जाऊ देत नाही, मामा. तो जातो."

मामा म्हणाले, "बरं. काढतो तार. उद्याच गुंडाळून फोटो टाकतो. मंग तं येशीन?"

"येईन," मी म्हटलं. मला खरंच यायचं होतं. किमयाने ठशाच्या चित्राखाली नाव लिहून ते भिंतीला चिकटवलं होतं.

अनिकेत संध्याकाळभर माझ्याशी फार बोलला नाही. मामांना त्याच्यासमोर आरोपीसारखं उभं केलं, हे त्याला लागलं होतं. "म्हातारा माणूस आहे. कबूल केलं ना त्यानं? आता तरी विश्वास ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. विठ्ठलमामांच्या हातात तारेचं वेटोळं, मागे तानामामी, डोक्यावर पदर, नजर कॅमेऱ्याकडे नाही. खाली लिहिलं होतं: तार काढली. या आता.

"पाहा," अनिकेतने फोन माझ्यासमोर धरला. "झालं समाधान?"

मी हो म्हणाले. मी तो मोठा करून बघणार नाही असं ठरवलं होतं, आणि बघितला नाही. उठून मुलांच्या पिशवीत स्वेटर भरू लागले. नयनचे बूट वरच ठेवले, चिकटपट्टीचे, त्याला स्वतःला घालता येणारे.

अनिकेत फोन घेऊन खिडकीशी गेला. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग जुना फोटो काढला. परत नवा.

"केतकी."

"काय?"

"ती तार गंजलेली होती ना?"

मी हातातला स्वेटर पिशवीत कोंबला.

"अन् खुंटीला पीळ देऊन बांधलेली. ही चमकून राह्यली. सरळ आहे. दुकानातून आणल्यासारखी."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पीळ दिलेली तार काढली तरी वाकलेलीच राहते. मामांच्या हातातल्या वेटोळ्यात एकही वाक नव्हता. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, तानामामींच्या लुगड्यामागे, एका खुंटीचं टोक दिसत होतं. त्यावर तार होती की नाही, ते सांगता येत नव्हतं. मामी बरोबर तिथेच उभ्या होत्या, आणि बघत होत्या त्याच बाजूला.

अनिकेतने मामांना फोन लावला. आवाज चढवला नाही.

"मामा, उद्या मी येतो. एकटाच, लाईन यायच्या आधी. पक्कड घेऊन येतो. दोघं मिळून काढू."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ नुसता ऐकत होता.

मी पिशवीतून नयनचे बूट काढून उंच फळीवर ठेवले, त्याचा हात पोचणार नाही तिथे.