वासवा कातोला हाक मारतो

वासवाने पुन्हा मान टाकायला सुरुवात केली होती. वासवा म्हणजे एन्टेबीच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार संघाचा सर्व्हर. सरोवरावर वारा फिरला की कोळ्यांच्या फोनवर निरोप धाडायचा, एवढंच त्याचं काम. आठवडाभर ऊन असलं की शहाण्या बाळासारखा चालायचा, आणि नेमका वादळाच्या दिवशी मेमरी भरून बसायचा. मागच्या खेपेला निरोप निघाला तेव्हा हा सर्व्हर सांभाळणाऱ्या नाबुकेन्याचा थोरला भाऊ लुबोवा उलटलेल्या होडीला धरून तरंगत होता.

आज दक्षिणेकडून आभाळ पुन्हा काळवंडलं होतं. लुबोवाचा फोन आला.

"काय गं, तुझं यंत्र जागं आहे ना? की मीच आभाळाशी बोलून घेऊ?"

"दादा, निरोप येईपर्यंत होडी सोडू नकोस."

"त्याची वाट बघत बसलो तर पोरं उपाशी राहतील. होडीवरचे दिवे पेटले की मी निघालो."

नाबुकेन्याने घाईने वासवाचा हिशेब पडद्यावर उघडला. खरं सांगायचं तर तिला भावाची काळजी होती, तेवढंच कुतूहलही होतं. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांची मेमरी मिळवली तर ती एकूण मेमरीच्या पाव हिश्शाएवढीसुद्धा भरत नव्हती. मग बाकीची गेली कुठे? सगळ्यांची ताटं पाहिली, कुणी जास्त जेवलेलं नाही, तरी पातेलं रिकामं. म्हणजे जेवला तो वाढणाराच! इथे वाढणारा म्हणजे कर्नल, यंत्राचा आतला कारभारी. कुणाला किती मेमरी द्यायची ते तोच ठरवतो, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही.

तिने त्याच्याच खात्यात डोकावलं. मेमरी फाइलींच्या नावांनी भरली होती. लाखो नावं, आणि डिस्कवर फाइली पाहाव्यात तर मूठभर.

"अरेच्चा," ती स्वतःशीच म्हणाली, "ही तर नसलेल्या फाइलींची नावं!"

कर्नलची ही जुनी सवय. कुणी फाइल मागितली आणि ती सापडली नाही, तर 'नाही' अशी नोंद तो डोक्यात ठेवतो, म्हणजे पुन्हा डिस्क धुंडाळायला नको. सवय चांगलीच. पण एवढ्या नसलेल्या फाइली मागत कोण होतं? तिने येणाऱ्या मागण्यांवर पाळत ठेवली. पडद्यावर नावं धो धो वाहू लागली, आणि प्रत्येक नावाची सुरुवात एकच होती: कातो.

पलीकडच्या टेबलावर किगुंडू शेंगदाण्याच्या रश्शात मटोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, कालवत होते. जुळ्यांचे वडील, म्हणून सगळं ऑफिस त्यांना सालोंगोच म्हणायचं. हे सर्व्हरही त्यांनीच बसवले होते, दोन जुळे. थोरला वासवा, धाकटा कातो, इथे जुळ्या मुलग्यांना ठेवतात तीच नावं. निरोप पाठवण्याआधी वासवा पाहायचा, कातोने तो आधीच पाठवलाय का. त्यासाठी तो कातोच्या नावाची फाइल शोधायचा; प्रत्येक निरोपाची फाइल वेगळी, नाव वेगळं. वादळ आलं की निरोप हजारोंनी, आणि फोन लागेना की पुन्हा पुन्हा नव्याने.

"सालोंगो, कातो विजेने जळून दोन वर्षं झाली. त्याची विचारपूस अजून चालूच आहे!"

"जळला म्हणू नये, पोरी. उडाला म्हणावं."

ते तिलाही ठाऊक होतं. जुळ्यातला एक गेला तर मेला म्हणत नाहीत. सालोंगोंच्या घरचा कातो सहाव्या वर्षी उडाला होता. तरीही ती भडकली.

"त्यापायी माझा भाऊ बुडता बुडता वाचलाय, सालोंगो!"

म्हाताऱ्याचा हात ताटातच थांबला. "ती विचारपूस काढायला बसलो होतो गं. 'कातो नाही' एवढंच लिहायचं होतं. हात धजला नाही. आता तूच काढ."

तिने कीबोर्ड ओढला, आणि थबकली. विचारण्याने कर्नलचं काहीच बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते दर वेळी नव्या नावाने विचारण्यामुळे. एकच नाव हजारदा विचारलं, तरी नोंद एकच राहणार.

"काढत नाही," ती म्हणाली. "वासवा आधी नुसतं 'कातो' म्हणून हाक मारेल. ओ आली नाही, तर बाकी काही न विचारता आपलं काम करेल. तो नाही असं आपण कुठेच लिहायचं नाही."

तेवढी ओळ बदलून तिने जुन्या नोंदी पुसून टाकल्या. मेमरी भराभर मोकळी झाली, आणि तुंबलेले निरोप सुटले. बाहेर पत्रे वाजायला लागले होते. फोन खणखणला.

"आला गं निरोप!" वाऱ्यात लुबोवा ओरडत होता. "पेटवलेले दिवे विझवले. सगळ्या होड्या वर ओढतोय. बाई, तू एकदाची कामाला आलीस!"

तिला हसूही आलं आणि रडूही. तिने डोळे पुसले. सालोंगो केव्हाचे तिच्या खुर्चीमागे येऊन पडद्याकडे पाहत उभे होते.

"मारली त्याने हाक?"

"मारली."

"माझा वासवाही तेच करतो," ते म्हणाले. "ताटावर बसला की एकदा हाक मारतो. मग जेवतो."