दोन बहिणींच्या देवळात कोंडलेली बाई

आमच्या गावच्या देवळात एका परगावच्या बाईला आम्ही तीन तास कोंडून ठेवलं. त्यात निम्मी चूक न्यूकाकांची आणि निम्मी माझी. न्यूकाका गावभर सांगतात की सगळी माझीच, म्हणून काय झालं ते आता मीच सांगते.

मी हाओ ग्वेईलियन. देवळासमोर रस्त्याच्या अलीकडे माझं नूडल्सचं दुकान आहे. देऊळ दोन बहिणींचं, देवी झालेल्या. सुंग राजवटीतलं, म्हणजे नऊशेच्या वर वर्षं झाली. त्याची चावी न्यूकाकांच्या कमरेला असते, कारण सरकारने त्यांना राखणदार नेमलंय. दारावर खडूने त्यांचा फोन नंबर लिहिलेला आहे. कुणी बघायला आलं की फोन करतं. काका पत्त्यांच्या डावावरून पुटपुटत उठतात, कुलूप काढतात आणि पाहुणा आत असेपर्यंत उंबऱ्यात उभे राहून चाव्या खुळखुळवतात. दहा मिनिटं झाली की त्यांना खोकला येतो. त्या खोकल्यापुढे मोठमोठे प्राध्यापक टिकलेले नाहीत.

कबरी झाडायचा सण होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमारास मोठ्या रस्त्याकडून एक बाई चालत आली. पाठीवर सॅक अशी की मागून पाहिलं तर सॅकलाच पाय फुटलेत असं वाटावं. केस पांढरे, बूट चिखलाने माखलेले, चेहरा मात्र सहलीला निघालेल्या पोरीसारखा.

"ताई, खायला मिळेल?"

"मिळेल की. कणीक मळतेय, थोडं थांब. एकटीच? बाकीचे मागे राहिले का?"

"बाकीचे नाहीतच. मी एकटीच फिरते."

"अगं बाई! आणि नवरा?"

"तो वर गेला. सहा वर्षं झाली."

"मुलगाबिलगा?"

"तो खाली आहे. शेनझेनला."

मी हसले, तीही हसली, आणि तिथेच आमचं जमलं. नाव वेन सूचेन, वय बासष्ट, राहणार वुहान. तिथे तिने तीस वर्षं विजेची बस चालवली. छतावर दांडे असतात ना, वरच्या तारांना लावलेले, ती.

"तार जाईल तिकडे मी," ती म्हणाली. "तीस वर्षांत एकदाही मनासारखं डावीकडे वळले नाही. आता वळते."

पंधरा दिवसांत तिने सतरा जुनी देवळं पाहिली होती. आमच्या डोंगरातली, गावागावांत लपलेली, कुठे बसने, कुठे कुणाच्या ट्रॅक्टरवर, बरीचशी पायी.

"आणि मुलगा सोडतो तुला असं?"

तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू शेनझेन पुढच्या वळणावरच आहे. "त्याला वाटतं मी हैनानला आहे. म्हाताऱ्यांच्या सहलीबरोबर, समुद्रावर. गेल्या वर्षी माझा गुडघा दुखावला, तेव्हापासून तो मला जिना उतरतानाही फोन करतो."

तेवढ्यात न्यूकाका नवा काळा कोट घालून, केसांना पाणी लावून घरातून बाहेर पडले. डोंगरापलीकडच्या गावात त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. बाई त्यांच्या आडवी गेली.

"काका, देऊळ बघायचं होतं."

"आज बंद."

"वुहानहून आलेय हो."

"वुहानहून ये नाहीतर चंद्रावरून ये. मी मुलीचा मामा आहे, मामा! माझ्यावाचून मांडवात पान हलत नाही."

"मामाला उशीर होऊन चालणार नाही, खरंच आहे," बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली. "फक्त देवी बहिणींनी विचारलं की एवढ्या लांबून आलेल्या बाईला दारातून का परत लावलंस, तर लग्नाच्या दिवशी काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवा."

काकांनी कुलूप काढलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकांचा उजवा कान कोळशाच्या खाणीतच राहिला. सुरुंगाच्या आवाजाने गेला तो. दहा मिनिटं झाली तसं त्यांनी उंबऱ्यातून ओरडून विचारलं, "झालं का?" बाई मूर्तींच्या मागे होती, ती म्हणाली, "थोडं राहिलंय!" पण ते नेमकं उजव्या कानाला म्हणाली. काकांनी रस्त्याच्या पलीकडे माझ्याकडे पाहिलं.

"ग्वेईलियन, ती बाई गेली का गं?"

मी कोपरापर्यंत कणकेत होते. मान वर न करता म्हटलं, "गेली असेल."

त्या दोन शब्दांपुरती माझी चूक. काकांनी कुलूप घातलं, स्कूटर काढली आणि मामा निघाले.

अर्ध्या तासाने दार वाजायला लागलं. आतून. माझ्या हातातली पळी पडली. लहानपणापासून ऐकलं होतं की देवी बहिणी कधीमधी दार वाजवतात.

"कोण आहे?" मी रस्त्यातूनच विचारलं.

"मीच, ताई. वुहानची. दार बाहेरून बंद झालंय वाटतं."

मी काकांना फोन लावला. तो त्यांच्याच घरात, खिडकीत, चार्जरला लटकलेला वाजला. मग मी माझ्या नवऱ्याला, छेंगला, तीनचाकी गाडीवरून लग्नघरी पिटाळलं. शेजाऱ्याची शिडी आणून देवळाच्या आवाराच्या भिंतीला लावली आणि वर चढले. बाई अंगणात उभी राहून छताकडे बघत होती.

"घाबरू नकोस हं! शिडी उचलून आत सोडते, वर ये."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? सुटायला!"

"ताई," ती म्हणाली, "सतरा देवळं झाली माझी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मागे उभं राहून चाव्या वाजवतं. इथे पहिल्यांदाच कुणी नाही. एवढ्या लांबून मी आत यायला आले, बाहेर यायला नाही. फक्त नूडल्स तेवढे मिळतील का?"

आता अशा बाईला काय करायचं? मी वाडगं भरलं, वर मिरचीचं तेल आणि भरपूर व्हिनेगर घातलं, वाडगं बादलीत ठेवलं आणि पुन्हा भिंतीवर चढले. बादली दोरीने निम्मी खाली गेली तोच तिचा फोन वाजला.

तिने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मुलगा. आणि व्हिडिओ कॉल आहे."

"उचलू नको."

"दोनदा नाही उचलला. तिसऱ्यांदा नाही उचलला तर तो हैनानच्या पोलिसांना फोन करेल." ती भराभर जाकीट काढत होती. खालून फुलाफुलांचा सदरा निघाला. "ताई, टोपी टाक तुझी!"

मी माझी गवताची टोपी खाली फेकली. अंगणाच्या कोपऱ्यात छताच्या दुरुस्तीची कौलं रचून त्यांवर निळं ताडपत्रीचं कापड ओढलेलं होतं. बाई त्याच्यापुढे जाऊन बसली, टोपी घातली, उन्हाने डोळे मिचकावल्यासारखं केलं आणि फोन उचलला. मी भिंतीवर, हातात दोरी, अधांतरी नूडल्स. हलायची सोय नाही.

"थाओ! बाळा, जेवलास का?"

"जेवतोय. आई, किती दिवसांनी दिसलीस! समुद्रावर आहेस?"

"हा काय, मागे!"

"एकदम शांत दिसतोय गं समुद्र."

"आज वारा पडलाय."

बाईने पाय मागे नेऊन टाचेने ताडपत्री जरा हलवली. मला हसू आवरेना, आणि हसले तर बादली हलत होती.

मुलगा फोनच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, "आई, समुद्राला शिवण आहे."

ती काहीतरी उत्तर देणार होतीच. दिलंही असतं, बाई हुशार. पण त्याच वेळी आमचे छेंग महाराज परत आले आणि रस्त्यातूनच गरजले, "ग्वेईलियन! काका म्हणतात, चावी सरकारची आहे, दुसऱ्याच्या हातात देणार नाही! आणि शेवटचा मासा वाढेपर्यंत मामा उठला तर लग्न मोडेल! त्या कोंडलेल्या बाईला म्हणावं, अजून दीड तास!"

"आई! कुणी कोंडलंय तुला? किती पैसे मागतायत? थांब, मी पोलिसांना..."

"पोलीस नको रे बाळा!" मी भिंतीवरून ओरडले.

"कोण आहे ते? समोर या!"

बाईने निमूटपणे फोन माझ्याकडे वळवला.

"तुम्ही कोण?"

"नूडल्सवाली."

"मग भिंतीवर काय करताय?"

"तुझ्या आईला जेवायला घालतेय."

त्याने मला निरखून पाहिलं. आईला पळवणाऱ्या टोळीत नूडल्सवाली असते का, याचा विचार करत असावा. मग म्हणाला, "खाल्लं का तिने?"

"कुठून खाणार? तू मध्येच फोन केलास. चिकटले बघ सगळे."

मग बाईने टोपी काढली आणि त्याला सगळं सांगितलं, देवळं, ट्रॅक्टर, सगळं. तो ऐकत होता. मधूनच "गुडघा?" म्हणाला. ती उठून अंगणात एक फेरी मारून आली, त्याला दिसेल अशी.

"मला आधी सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," तो म्हणाला.

"म्हणून तर नाही सांगितलं."

"आणि मी नाही म्हटलं तरी तू गेली असतीस."

"हो."

"मग निदान समुद्र तरी धड शोधायचा गं आई." एवढं म्हणून तो हसायला लागला, आणि हसता हसताच रागावलाही. रोज रात्री फोन, चित्रासकट, कुठे आहेस ते खरंखरं, असं कबूल करून घेतलं. मलाही म्हणाला, "मावशी, तुमच्या त्या काकांना सांगा, दीड तासाचे दोन केले तरी चालतील. तेवढा वेळ तरी मला कळेल ती कुठे आहे!"

नूडल्स एकदाचे खाली पोचले. वाडगं हातात घेऊन ती खांबाखांबापाशी थांबत खात होती. पुढचे खांब दगडी आहेत. एकापाशी ती वाकली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"ताई, तुझं आडनाव काय म्हणालीस?"

"हाओ."

"इथलीच?"

"इथलीच. जन्म वरच्या आळीत, हाओंच्यात, लग्न खालच्या आळीत. का?"

"मग खाली ये."

मी चौपन्न वर्षांची बाई. शिडी वर ओढून आत सोडली आणि उतरले. नवरा बाहेरून विचारत राहिला की दुकान कोण बघणार. मी म्हटलं, "तू. लग्नात जेवून आलायस ना, भिंतीवरून दिसलं हनुवटीवरचं तेल."

खांबावर नखाएवढी अक्षरं होती, झिजलेली. बाईने आपल्या बाटलीतलं थोडं पाणी बोटाने त्यांवर फिरवलं तशी ती उमटली. तिने वाचून दाखवलं: हाओ घराण्यातली मुलगी, नवऱ्यामागे एकटी राहणारी, हा एक खांब देते. बस, एवढंच. नाव नाही.

माझ्या लहानपणी हे देऊळ गावचं धान्याचं कोठार होतं. त्याच खांबाआड बसून मी भुईमुगाच्या शेंगा चोरून खाल्ल्या आहेत. पुढे वीस वर्षं समोर दुकान चालवलं. इथली कोळिष्टकं काढली, दिवाळं निघालेल्या वर्षी नवसही बोलले. पण वाचलं कधी नाही. मी हात एप्रनला नीट पुसले आणि मग खांबावर ठेवले. उन्हाने तो कोमट झाला होता. मी म्हटलं, "नूडल्सला मीठ बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," ती म्हणाली.

मग तिने मला आत नेलं आणि फरशीवर उताणं झोपायला सांगितलं. आधी मला लाज वाटली. पण उभं राहून छत दिसतच नाही, मान दुखते. आडवं पडल्यावर दिसलं. खांबांच्या डोक्यावर लाकडी ठोकळे, त्यांवर आडवे हात, त्यांवर पुन्हा ठोकळे, माणसांनी माणसांना खांद्यावर घ्यावं तसे. एक खिळा नाही म्हणे. ती हळू आवाजात एकेक दाखवत होती, आणि मला बरं वाटत होतं. दुपारी आडवं पडून मला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

तेव्हाच न्यूकाका आले. तोंड लाल, छातीवर मामाचं लाल फूल. त्यांनी कुलूप काढून दार ढकललं, दोन बायका फरशीवर उताण्या पाहिल्या आणि किंचाळले, "मेल्या! दोघी मेल्या!"

त्यांना पाणी पाजून उठवायला आम्हालाच धावावं लागलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांना खांबाचं कळलं. एकोणीस वर्षं चावी सांभाळतायत, त्यांनीही कधी वाचलं नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं, "न्यू घराण्याचं आहे का कुठे?"

बाईने सगळे खांब शोधले. शेवटी मागच्या एका दगडावर सापडलं. "आहे. न्यू घराणं, चुना, दोन पोती."

"दोन पोती?" काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नीट वाचा हो. वीस असेल."

"दोनच आहेत, काका."

"हाओंच्या बाईने खांब दिला, आणि आम्ही दोन पोती चुना!" ते माझ्याकडे असे बघत होते जणू मी त्यांच्या वाटणीचा खांब पळवला. मग खिशातून लग्नाच्या गोळ्या काढून त्यांनी बाईला मूठभर दिल्या. मला एक.

ती रात्री आमच्याकडेच राहिली. सकाळी आणखी लांबच्या एका गावातलं देऊळ बघायला निघाली. ते आमच्याहून जुनं आहे, असं ती म्हणाली. बारा मैलांवर आहे आणि मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. मी दुकान छेंगवर सोपवलं आणि सांगितलं की संध्याकाळी येते.

तिथे पोचलो तर कुलूप. राखणदार डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे ताइयुआनला गेलेला. दाराच्या दोन फळ्यांत बोटभर फट होती. आम्ही आळीपाळीने तिला डोळा लावला. छताचा एक कोपरा दिसला, एक खजुरी रंगाचा तिरका लाकडी हात, आणि खाली अंगणात फिरणारी कोंबडी.

"बघ, तो हात कसा लांब आहे," ती म्हणाली. "हा आपल्याहून शंभर वर्षं तरी मोठा."

मी पुन्हा बघितलं. खरंच लांब होता.

"मग आता?"

"आता पुढचं," ती म्हणाली, आणि सॅक खांद्यावर घेतली. दुपारच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसली आणि गाडी सुटायच्या आधीच त्याला वळणं कशी घ्यावीत ते सांगायला लागली.

परतीची गाडी मला मिळाली नाही. चालत निघाले. वाटेत नवऱ्याचे तीन फोन आले. गिऱ्हाइकं खोळंबलीत, व्हिनेगरची बरणी कुठे आहे? फळीवर, डावीकडे, मी सांगितलं. आणि मग चढ लागला तशी मी आणखी थोडी सावकाश चालायला लागले.